खापर मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संग्रहालये शाळांना मोफत खुली करावीत, ही बातमी कालच्या अंकात वाचली. मागणी रास्त आहे, पण बातमीचा सगळा भर तिकिटावर. अडचण तिकिटाची नाहीच. ऐंशी पोरांची सहल एकदम दालनात शिरते, मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात, गुरुजी "हात लावू नका, पुढे चला" म्हणत राहतात आणि वीस मिनिटांत सगळे गाडीत. तिकीट माफ केलं तरी हेच होणार.

दालनात एका वेळी पंधरा-वीसच मुलं सोडा. बाकीची बाहेर सावलीत बसवा आणि त्यांच्यापुढे एक पेटी ठेवा. कोणत्या थरातून, कुठल्या जागेवरून आलं याची नोंदच हरवलेली खापरं साठ्यात पडून असतात. पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घेऊन त्यातली वीस-पंचवीस पेटीत घालावीत. सातवाहनकाळातलं काळं-तांबडं खापर हातात घेतलं की आतली बाजू आणि काठ काळा, बाहेरून तांबडा हे दिसतंच. भांडं आव्यात पालथं ठेवलेलं, आत हवा पोचली नाही म्हणून तिथं काळं राहिलं. आतून बोट फिरवलं की चाकावरच्या बोटांच्या रेघा लागतात. पाचवीच्या मुलाला एवढं पुरे, आणि ते काचेबाहेरून कधीच कळत नाही.

मूर्तींच्या प्रतिकृती करून घ्याव्यात. आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, मूर्ती दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढची आणि मागची बाजू वेगळी दाबून मग जोडलेली, त्यामुळे कडेला सांध्याची रेघ असते. कपाटात मूर्ती समोरून मांडतात आणि नेमकी तीच झाकली जाते. मूळ मूर्तीवर प्लास्टर ओतून साचा मात्र काढू नये, ओलं प्लास्टर छिद्रांत शिरतं. चहूबाजूंनी साठ-सत्तर फोटो काढावेत, प्रत्येकात आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यावा. त्यावरून संगणकावर आकार तयार होतो. साचा साधारण एक दशांश मोठा धरावा, कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते. तेर हे गोरोबाकाकांचं गाव, तिथल्या संग्रहालयासाठी हे काम कुंभाराकडूनच करून घ्यावं.

नाणी मात्र पेटीत नकोत. तांब्याच्या नाण्याला घामातलं मीठ खातं, आणि कुणी उत्साहाने चिंचेनं घासलं तर वरची अक्षरंच जातात. शिशाचं नाणं मुलांच्या हातात देण्याजोगं नाही. ते प्लायवुडच्या खणातही ठेवू नये, लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्यावर पांढरी भुकटी धरते. हस्तिदंत काचेआडच राहू द्या. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडीठाक आणि जुलैत दमट, त्यात दिवसा एसी चालू आणि रात्री बंद केला की हस्तिदंत आकसतो, फुगतो आणि तडकतो.

पाट्यांचंही बघा. मोठ्या माणसाच्या नजरेला लावलेली 'मृण्मय स्त्रीप्रतिमा' मुलं वाचत नाहीत. पाटी जमिनीपासून चार फुटांवर हवी आणि तिच्यावर 'हिच्या कडेची रेघ शोधा' असं काही हवं. शेजारी एक नकाशा लावावा. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचला जात होतं. हे धाराशिवच्या मुलांना ठाऊक नसावं, याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक. बातमीशेजारी 'तेरची हस्तिदंती पुतळी' म्हणून छापलेला फोटो तेरचा नाही. दोन्ही बाजूंना लहान दासी असलेली ती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडली आणि नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची पुतळी तिच्याशी मिळतीजुळती आहे, म्हणून तर अभ्यासक दोघींची नावं एकत्र घेतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. मुलं पेपरातली चित्रं कापून वहीत चिकटवतात. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी आणि तेरच्या पुतळीचा फोटो तेवढाच मोठा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, धाराशिव