मौदुदी आणि लीग एकाच माळेत नकोत

संपादक महोदय, रविवारच्या पुरवणीत मौलाना मौदुदींवरचा लेख वाचला, त्यात त्यांना सरळ 'पाकिस्तानच्या शिल्पकारां'मध्ये बसवलंय, ते काही पटलं नाही. १९४१ साली लाहोरात त्यांनी जमात-ए-इस्लामी काढली ती मुळात मुस्लिम लीगपेक्षा वेगळी वाट म्हणूनच, जिनांचं पुढारपण त्यांना मान्यच नव्हतं, नुसती मुसलमानांची बहुसंख्या झाली म्हणजे इस्लामी राज्य येत नाही असं ते लिहीत होते. (म्हणून ते अखंड भारतवाले होते असं मात्र कुणी समजू नये, त्यांना राष्ट्रवाद ही गोष्टच नको होती, मग तो काँग्रेसचा असो की लीगचा.) फाळणीनंतर पठाणकोटचं बिऱ्हाड हलवून लाहोरला गेले आणि १९५३ मध्ये अहमदिया पंथाच्या लोकांविरुद्धच्या दंगलींनंतर त्याच पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने त्यांना फाशी सुनावली! कारण काय, तर अहमदियांविरुद्ध लिहिलेली एक पुस्तिका. दयेचा अर्ज करायला त्यांनी साफ नकार दिला, पुढे शिक्षा कमी झाली, १९५५ ला सुटले.

मला त्यांचे विचार अजिबात पटत नाहीत, अहमदियांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते तर घातकच होतं. पण विरोध करायचा तर माणूस नेमका काय म्हणत होता ते तरी बघा ना. आणि हा माणूस जन्मला आपल्या औरंगाबादेत, १९०३ साली, मराठी पेपरातल्या अख्ख्या पानभर लेखात त्याची एक ओळसुद्धा नाही?

– एक वाचक