आण्णांच्या वहीतलं हरिपूरचं पेव

प्रिय भावा,

त्या दिवशी फोनवर नीट बोलणं झालंच नाही. घर माणसांनी भरलेलं, तुझा आवाज मधेच तुटायचा, आणि सगळ्यांसमोर मला रडायचं नव्हतं. आता आण्णाआजोबांचं तेरावं झालं, पाहुणे गेले, आई जरा झोपलीय, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे मला वैताग आलाय. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, आण्णा म्हणजे जुन्या वळणाचा माणूस, असे हळदीचे व्यापारी आता राहिले नाहीत. मी मान हलवतो आणि मनात म्हणतो, जुनं वळण कसलं डोंबलाचं! 1960 च्या आसपास मण-शेर जाऊन किलो आले तेव्हा आण्णा बावीसएक वर्षांचे, दुसऱ्याच्या गादीवर गुमास्ते. शेतकऱ्यांना वाटायचं नव्या वजनात आपल्याला लुटतायत, तर ह्यांनी काट्यापाशी दोन्ही वजनं ठेवून एकेकाला तोलून दाखवलं. भलेपणा वगैरे काही नव्हता हं, तेच सांगायचे, 'त्यामुळं गिऱ्हाईक आमच्याकडं वळलं.' रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे ते त्यांनी आपल्याला खेळ म्हणून शिकवलेलं, आठवतंय? पण स्वतः त्यांना उघडा लिलावच आवडायचा, म्हणायचे रुमालाखाली दोघांनाच कळतं आणि त्यातला एक खोटं बोलत असतो.

शेवटच्या दोन वर्षांत तर सकाळी उठून चष्मा लावायच्या आधी व्हॉट्सॲपवर निजामाबाद, इरोड आणि वसमतचे हळदीचे भाव. आईला म्हणायचे, वाच गं. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, पोत्यावर छापा, भाव वाढला की पेढे खातो. आणि लगेच एक उचलून खाल्ला.

कंजूष होते, ते पण लिहितो. सुतळीचे तुकडे साठवायचे. भडंग मात्र आल्या-गेल्याला मूठमूठ, त्यात हिशोब नाही. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे, कट्टकन खणखणीत आवाज आला तर वाळलेला माल, मग आतला रंग बघायचे, मग नाकाला लावायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर तोंड वाकडं करून भाव खाली पाडायचे. माल आवडला असला तर जास्तच वाकडं. शेवटी दवाखान्यात नेलं तर पोराएवढा डॉक्टर नखं बघून घाबरला, त्याला कावीळ वाटली. आण्णा ऑक्सिजनच्या मास्कमधून हसत होते रे. साठ-पासष्ट वर्षांची हळद, ती काय साबणानं जाणार?

आता सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाचं, म्हणजे जमिनीखाली हळद साठवायच्या आपल्या खड्ड्याचं. आपण आठवीत असताना तू तोंडाशी वाकलास आणि आण्णांनी तुझ्या कानाखाली काढली होती, तुझ्या बाबांनाही कधी जमली नसेल अशी. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलं की माणूस गुदमरतो, म्हणून बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, जळत राहिला तर उतरायचं. तुला ते नंतर सांगितलं, आधी कानाखाली. वीस-पंचवीस फूट खड्डा, आत माती आणि कडबा-पाचट, तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं किडा नाही.

आणि मग 2005. कृष्णा-वारणेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवं भरली. पाणी ओसरल्यावर मी आण्णांबरोबर गेलो होतो. तो वास मी तुला लिहून सांगू शकत नाही, उकडलेल्या हळदीचा आणि गटाराचा एकत्र. हमालांनी पाटीभर वर काढलं, आण्णांनी मूठ घेतली, पिळली, म्हणाले, 'खत झालं.' बस. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्ड स्टोरेजवाल्याला फोन. मी म्हणालो आण्णा, एवढी वर्षं पेवात ठेवलं... तर म्हणाले, पेव काय आपलं नात्यातलं आहे का?

त्यात शेतकऱ्यांचाही माल होता. लोक आता सांगतायत आण्णांनी सगळ्यांचे पैसे चुकते केले. नाही रे. निम्मे दिले. ते पण घासाघीस करून, एकाशी तर ओट्यावर तासभर भांडत होते, तो शिव्या देत गेला. पुढच्या सीझनला त्याचीच गाडी पहिली दारात. आण्णांनी त्याला भडंग दिला आणि अडतीचं कमिशन एक पैसा कमी केलं नाही.

2019 ला पाणी घरातच आलं. बोटवाले घ्यायला आले तर ह्यांच्या छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत खतावणीच्या वह्या, आईचे दागिने वर माळ्यावर विसरलेले. बोटीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, 'आयर्विन पुलाला किती फूट पाणी?' त्यानं सत्तावन्न सांगितल्यावर गप्प बसले, ते कॅम्पवर जाईपर्यंत.

तर काल त्याच वह्या काढल्या. उधाऱ्या बघाव्यात म्हणून. आणि बघतो तर दर पाडव्याच्या नव्या वहीत, पहिल्या पानावर श्री आणि लाभ-शुभच्या खाली बाकी शिल्लक मालाबरोबर एक ओळ आहे : 'हरिपूर पेव – शिल्लक 0'. 2005 च्या दिवाळीपासून दरवर्षी. गेल्या वर्षी अक्षर थरथरलंय, पण ओळ आहे. पेवाची जागा प्लॉटसाठी मागायला दोनदा माणसं येऊन गेली, मला वाटायचं भाव पटत नसेल म्हणून हाकलतायत. बाबांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय. यंदा वही मला लिहायचीय, बाबांचा हात लिहिताना कापतो. ती ओळ लिहू का नको ते मला कळत नाहीये. तुला काय वाटतं ते कळव, फोन नको करू, लिहून कळव. आणि फेब्रुवारीत येतोयस ना, तेव्हा नवा माल आलेला असेल. हरिपूरला जाऊ. ह्यावेळी वाकू नकोस.

तुझाच,
(कानाखाली न खाल्लेला)