इंजेक्शनसोबत ते टोचण्याची रीतही घरी पोहोचू द्या: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घरी टोचून घ्यायच्या औषधांबाबत मराठी माहितीपत्रक, प्रात्यक्षिक आणि वापरलेल्या सुयांचे संकलन.

महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात औषधांचे दुकान चालवणारा नोंदणीकृत औषधनिर्माता आहे. मार्च 2025 मध्ये मौंजारो या नावाने टिर्झेपटाइड आणि जून 2025 मध्ये वेगोव्ही या नावाने सेमाग्लुटाइड भारतात आले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च 2026 मध्ये संपल्यावर देशी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास ही औषधे अनेकांना खरोखर उपयोगी पडतात, गुडघ्यांवरचा भार आणि रक्तातली साखर दोन्ही कमी होताना मी पाहतो, त्यामुळे हे पत्र त्यांच्या विरोधात नाही. माझी तक्रार एवढीच आहे की औषध घरी पोहोचते, पण ते सुरक्षितपणे टोचून कसे घ्यायचे हे शिकवण्याची जबाबदारी कोणीच पुरती उचलत नाही. डॉक्टरांना वाटते की दुकानदार सांगेल, दुकानदाराला वाटते की डॉक्टरांनी सांगितले असेल, आणि खोक्यातले माहितीपत्रक बारीक इंग्रजी अक्षरांत असते.

सर्वांत मोठा धोका मला कुपी आणि सिरिंज यांच्या जोडीत दिसतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात: लाल टोपीची, जिच्यावर एका मिलिलिटरचे 40 भाग, म्हणजे युनिट, असतात, आणि केशरी टोपीची, जिच्यावर तेवढ्याच औषधाचे 100 भाग असतात. ज्यांच्या घरी आईवडिलांना वर्षानुवर्षे इन्सुलिन चालू आहे, त्यांच्या कपाटात बहुधा लाल टोपीचीच सिरिंज सापडते. आता डॉक्टरांनी केशरी टोपी गृहीत धरून ‘10 युनिट’ सांगितले, तर ते 0.1 मिलिलिटर होते. तोच आकडा लाल टोपीच्या सिरिंजवर भरला तर 0.25 मिलिलिटर, म्हणजे अडीचपट औषध शरीरात जाते. उलटही घडते. अर्ध्या मिलिलिटरची, एकाच वेळी पूर्ण घ्यायची कुपी असेल तर ती लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 पर्यंत येते आणि केशरीमध्ये 50 पर्यंत. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने जावेचे ऐकून केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये 20 पर्यंतच औषध ओढले होते आणि उरलेले पुढच्या आठवड्यासाठी फ्रीजमध्ये ठेवले होते. एकदाच वापरायची ती कुपी, तिच्या रबरी बुचातून पुन्हा सुई घालायची त्यांची तयारी होती. त्यांनी कुपी आणि सिरिंज दोन्ही काउंटरवर मांडून विचारले, म्हणून ते थांबले. युनिट आणि मिलिलिटर यांच्या अशाच गोंधळातून काही रुग्णांनी सेमाग्लुटाइडचा ठरलेल्यापेक्षा 5 ते 20 पट डोस घेतल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने जुलै 2024 मध्ये दिला होता. त्यांच्याकडे लाल आणि केशरी टोप्यांचा हा जास्तीचा घोळही नाही. कुपीसोबत योग्य सिरिंज दिल्याशिवाय आणि बिलावर डोस मिलिलिटरमध्ये अक्षरी लिहिल्याशिवाय कुपी विकली जाऊ नये, एवढे परिपत्रक आपल्या प्रशासनाने काढले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

पेन, म्हणजे औषध आधीच भरलेले टोचायचे साधन, तुलनेने सोपे आहे, पण त्याचीही एक रीत आहे. हात धुवायचे, औषध पाण्यासारखे स्वच्छ आहे का ते पाहायचे, दर वेळी नवी सुई लावायची, पेनची चकती फिरवून सांगितलेला डोस लावायचा, बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीवर टोचायचे, दर आठवड्याला जागा बदलायची, आणि बटण दाबल्यावर त्या पेनच्या सूचनेप्रमाणे पाच-सहा आकडे मोजेपर्यंत सुई आतच ठेवायची. हे शेवटचे मोजणे बहुतेक जण विसरतात. मग सुई लगेच उपसल्याने कातडीवर थेंब दिसतो, औषध गेलेच नाही असे वाटते आणि माणूस दुसऱ्यांदा टोचून घेतो. काही पेनांत चार डोस झाल्यावरही थोडे औषध उरते आणि ते फेकूनच द्यायचे असते. महागाचे औषध म्हणून ते सिरिंजने ओढून काढणारी माणसे मला भेटली आहेत. सुई बदलून नवरा-बायकोने एकच पेन वापरण्याचा प्रकार तर त्याहून वाईट, कारण टोचताना रक्ताचा अंश मागे पेनमध्ये जाऊ शकतो आणि सुई बदलल्याने तो धोका जात नाही. काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे, म्हणूनच इथे ती का करायची नाही हे कोणीतरी समोर बसवून, कारणासह सांगायला हवे.

साठवणुकीबाबतही आपल्या हवामानाचा विचार करणे भाग आहे. न उघडलेले औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते, आणि एकदा गोठले की वितळल्यावरही ते वापरायचे नसते. बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलेले पेन म्हणजे वाया गेलेले पेन. फ्रीजबाहेर ही औषधे ठरावीक दिवस टिकतात खरी, पण 30 अंशांच्या आत, आणि सोलापूर, अकोला किंवा चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये घरातली दुपार त्या मर्यादेत बसत नाही. इंग्रजी पत्रकातले खोलीचे तापमान आमच्या खोलीचे नाही. आषाढीच्या वारीला निघणाऱ्याने पेन पिशवीत कसे न्यायचे, वीज गेल्यावर फ्रीजचे दार किती उघडायचे, हे मराठी पत्रकात असायला हवे.

डोस चुकला तर काय, हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि त्याचे उत्तर औषधागणिक बदलते. टिर्झेपटाइडचा चुकलेला डोस चार दिवसांच्या आत घेता येतो. वेगोव्हीच्या बाबतीत पुढचा डोस दोन दिवसांहून अधिक लांब असेल तरच चुकलेला घ्यायचा. दोन डोस एकदम कधीच घ्यायचे नाहीत. मध्ये काही आठवडे खंड पडलेल्याने आधीच्या मोठ्या डोसवर परस्पर परतणे धोक्याचे आहे, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि उलट्या थांबत नाहीत. ज्यांना ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी या इंजेक्शनवर असताना एकादशी किंवा नवरात्राचे कडक उपवास केले तर साखर अचानक उतरू शकते. पोटात असह्य दुखून कळ पाठीकडे जात असेल तर घरी ओवा-हिंग न करता तडक रुग्णालय गाठायचे असते. गरोदरपणात हे औषध चालत नाही, घराण्यात थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग असल्यास ते देत नाहीत, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी लागते. चिठ्ठीविना, ओळखीतून किंवा समाजमाध्यमांवरून पेन मिळवणाऱ्याला यातले काहीही कोणी विचारत नाही. अशा विक्रीवर आपल्या निरीक्षकांनी कठोर व्हावे.

आणि सुया. या औषधांवरचा प्रत्येक माणूस वर्षाला पन्नासहून अधिक सुया घरात वापरतो आणि त्यांतल्या बहुतेक घंटागाडीत जातात. तिथून त्या सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या आणि त्यांच्या संकलन केंद्रांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. माझ्या ग्राहकाला मी अशा केंद्राचा पत्ता देऊ शकत नाही, कारण मलाच तो सापडलेला नाही. तोवर मी त्यांना झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली वापरायला सांगतो, आणि ती भरल्यावर काय करायचे या प्रश्नापाशी अडतो. नगरविकास खात्याशी बोलून, ही इंजेक्शने विकणाऱ्या प्रत्येक मेडिकलमध्ये अशा बाटल्या परत घेण्याची आणि रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीने त्या उचलण्याची सोय आपण करावी. आम्ही दुकानदार जागा देऊ.

औषधांच्या वेष्टनावरचा मजकूर केंद्राच्या नियमांनी ठरतो, याची मला जाणीव आहे. त्यासाठी आपण दिल्लीला लिहावे. पण दोन पानांचे सचित्र मराठी पत्रक छापायला आणि पहिल्या विक्रीच्या वेळी औषधनिर्मात्याने पेन किंवा सिरिंज हातात घेऊन रीत दाखवावी असा आदेश काढायला राज्याला अडचण दिसत नाही. रुग्णाला समजावून सांगणे हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार आमचे कर्तव्यच आहे, आणि दहा मिनिटांच्या या कामासाठी आम्ही वेगळा मोबदला मागत नाही. पत्रकाचा मसुदा तयार करण्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांची छोटी समिती नेमावी आणि पुढच्या मार्चपूर्वी, उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी, ते दुकानांत पोहोचावे, ही विनंती. समितीत काम करायला मी तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत औषधनिर्माता, सोलापूर