वहिनीच्या बाळाबद्दल

वैशू,

काल तू फोनवर रडत होतीस आणि मी ड्युटीवर, धड बोलताच आलं नाही. आत्ता नाईट संपवून चहा घेत टाईप करतेय, लांबलं तर शिव्या घालू नकोस.

टीपीएन, म्हणजे पोटाऐवजी थेट शिरेतून दिलेलं सगळं पोषण, लावलं म्हणजे लिव्हर जाणारच असं कोणी भरवलंय गं तुमच्या डोक्यात? धोका असतो, नाही कशाला म्हणू. आतडं नुसतं पडून राहिलं की पित्त सरकत नाही, लिव्हरमध्येच साचतं, आणि २८ व्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाचं लिव्हर आधीच कच्चं. त्यात टीपीएनसोबतचं ते पांढरं लिपिड, म्हणजे शिरेतून देतात ती चरबी, नुसतं सोयाबीन तेलाचं असेल तर त्यातले वनस्पतीचे स्टेरॉल पित्ताला अजून अडवतात. दादा म्हणतो ते ओमेगावेन माशाच्या तेलाचं, बोस्टनला फार्मासिस्ट कॅथलीन गुरा आणि सर्जन मार्क प्युडर यांनी कावीळ झालेल्या बाळांना देऊन बघितलं, बऱ्याच जणांची उतरली, २०१८ ला अमेरिकेत परवानगीही मिळाली. पण ती कावीळ झाल्यावर द्यायला, आधीच टाळायला म्हणून नाही. त्यामुळे त्यासाठी डॉक्टरांशी भांडू नका, फक्त लिपिड सोयाचं आहे की मिक्स तेवढं विचारा.

खरं काम वहिनीचं आहे. दूध. डॉक्टरांनी पोटात द्यायला हो म्हटलं की १ मिली का असेना, सुरू करायचं. काल एका बाळाला दिलं मी, पिस्टन काढून सिरिंज वर धरली आणि ते पिवळसर चिकाचं दूध नळीतून इतकं हळू उतरत होतं की माझा हात भरून आला. तेवढ्यानेही आतडं जागं होतं आणि पित्त हलतं. दूध जसं वाढेल तसं टीपीएन कमी करत आणतात. तिला येत नसेल तर मिल्क बँक, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेल्या दुधाची सोय, आहे का विचार, मुंबईत सायन हॉस्पिटलला तर १९८९ पासून आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिसनी सुरू केलेली.

आणि हो, इन्फेक्शन! टीपीएनसाठी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, सेंट्रल लाईनमधून, जंतू शिरले तर लिव्हर अजून बिघडतं. सिस्टर हात धुवायला सांगते तेव्हा आजींनी तोंड वाकडं करू नये, त्यांना माझं नाव सांग.

रिपोर्टमध्ये टोटल बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) बघून घाबरू नका, त्यातलं डायरेक्ट बिलिरुबिन, पित्त साचल्याचं दाखवणारं, ते विचारा. ते २ च्या वर गेलं तर निळ्या लाईटने उतरत नाही, वेगळं बघावं लागतं. शी पांढरट दिसली तर डायपर टाकायच्या आधी सिस्टरला दाखवायचा.

वहिनीला पंप दुखत असेल तर हाताने काढू दे, रात्रीचं एकदा तरी चुकवू नको म्हणावं. रविवारी मला ऑफ आहे, येतेच. डब्यात काय आणू, तिला अळिवाची खीर चालते ना?

तुझीच,
मंगल