मुखड्याकडे न परतणारं गाणं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’वरचा लेख वाचला. या गाण्यावर मराठीत कुणी मनापासून लिहिलं याचा आनंद झाला. पण ५ मिनिटं ५५ सेकंदांची लांबी हेच त्याचं बंड, असं लेखात म्हटलं आहे, ते मात्र पटलं नाही.

लांब गाणी त्याआधीही गाजली होती. बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ (१९६५) सहा मिनिटांचं, बीटल्सचं ‘हे ज्यूड’ (१९६८) सातांच्याही पुढचं. तीन मिनिटांचा दंडक मुळात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीने घातला होता. तिच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. आपल्याकडे बालगंधर्वांची पदं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे ख्याल त्याच मापात बसवावे लागले. तबकडी सुधारली तरी रेडिओची सवय सुटली नाही, इतकंच.

क्वीनचा गायक आणि या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी याने मोडलं ते वेगळंच. या गाण्याला ध्रुवपद नाही. पॉप गाण्यात कडवं कुठेही भटकलं तरी श्रोता कोरसची वाट पाहत असतो, आपण भावगीतात मुखड्याची पाहतो तशी. इथे तो येतच नाही. आधी वाद्यांशिवाय गळ्यांचा गुच्छ, मग पियानोवर एका चालीची दोन कडवी, मग बँडच्या ब्रायन मेची गिटार. तीही गायलेली चाल गिरवत नाही, स्वतःची नवी चाल मांडते. त्यानंतर ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या थाटाचं समूहगान, मग दणदणीत रॉक, आणि शेवटी सगळं निवतं. सुरुवातीच्या एक-दोन ओळी अखेरीस पुन्हा कानी येतात हे खरं, पण त्यांना मुखडा म्हणता येणार नाही.

सुरांचंही तसंच. गिटार संपते ती ई फ्लॅटच्या पट्टीत, आणि पुढच्याच क्षणी पियानो ए मेजरमध्ये तुटक ठोके देऊ लागतो. ई फ्लॅटला षड्ज मानलं तर ए हा त्याचा तीव्र मध्यम, म्हणजे षड्जापासून सर्वांत दूरचा सूर. ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते ती इथे. बी फ्लॅटमध्ये सुरू झालेलं गाणं संपतं एफमध्ये, म्हणजे बी फ्लॅटच्या पंचमावर. घरी परतणं त्याच्या स्वभावातच नाही.

ऑपेराच्या भागामागची मेहनत लेखात एका वाक्यात उरकली, त्याची हळहळ वाटली. रॉय थॉमस बेकर निर्माते होते, ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत. मर्क्युरी, मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर या तिघांनीच तो अख्खा समुदाय उभा केला, एकावर एक आवाज चढवत. टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या, २४. ते भरले की सगळं मिसळून जागा रिकामी करायची आणि पुन्हा गायचं. टेप इतक्यांदा फिरली की वरचा थर झिजून आरपार दिसू लागलं, असं मे यांनी सांगितलं आहे. पुढे मैफलीत हा भाग ते गात नसत. ध्वनिफीत लावून मंचावरून आत जात आणि रॉकच्या ठोक्याला परत येत.

एवढं गुंतागुंतीचं गाणं १९७५च्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मर्क्युरी गेल्यावर, १९९१मध्ये, ते पुन्हा पहिलं आलं.

मी वाईला राहतो. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात फारूख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकला, पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड करून वाजवला. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. या गाण्याचं श्रेय पाचगणीला द्यावं असं मी म्हणणार नाही. ते लंडनमध्ये घडलेल्या माणसाचं काम आहे. तरी घाटातून जाताना त्याची आठवण येतेच.

एक विनंती. मध्यंतरी एका रेडिओ केंद्रावर हे गाणं लागलं आणि गिटार संपताच कापलं गेलं. ऑपेरा नाही, रॉक नाही. फार वाईट वाटलं. आपल्या पुरवणीतून कुणी त्यांना सांगावं, की ते लावायचं तर टेलरने अगदी शेवटी हलकेच वाजवलेल्या त्या मोठ्या गाँगचा (टांगलेल्या धातूच्या थाळीचा) नाद विरेपर्यंत लावा.

आपला,
एक वाचक, वाई