वायरमन मामा, तुमचे जाहीर आभार

वायरमन मामांस,

स. न. वि. वि.

कामाचे पैसे तुम्ही घेतलेत, म्हणजे तुमच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने नाही, म्हणून हे चार शब्द.

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग पोंग्यात, म्हणजे नवे कोंब फुटत होते, आणि वरून पाऊस. डाऊनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी थांबवायची सोय नव्हती. ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडलेला, टाकी भरलेली, आणि ट्रॅक्टर नुसता ‘टक्’ करून गप्प! चावी फिरवली की हेडलाइट विझल्यासारखे व्हायचे. बांधावर जमलेल्या सगळ्यांचं एकमत, बॅटरी गेली. फोनवर एका दुकानदाराने तर बॅटरीसोबत सेल्फही, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटरही, नवा टाकायला सांगितला. एक जण चावी आणि स्विच टाळून पान्याने सेल्फची टोकं जोडायला, म्हणजे सेल्फ डायरेक्ट करायला, निघाला होता, तेवढ्यात तुम्ही आलात. त्याला जे झापलंत ते बरंच केलंत. न्यूट्रलचा आणि क्लचचा स्विच माणूस वाचावा म्हणून दिलेला असतो. डायरेक्ट करताना गाडी गिअरमध्ये असली, तर शेजारी उभा असलेलाच चाकाखाली जातो.

तुम्ही आधी मीटर काढलात. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १२.६ व्होल्ट. मला सेल्फ मारायला लावलात, तरी आकडा बाराच्या खाली आला नाही. बॅटरी खरंच गेली असती तर तो नऊच्याही खाली कोसळला असता, हे तेव्हा तुमच्याकडून कळलं. मग मीटरची एक पिन निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि पुन्हा सेल्फ. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, दिसले पाच-सहा. करंट अर्थिंगच्या पट्टीतच, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणाऱ्या पट्टीतच, अडकत होता, आणि दिव्यांचं अर्थिंगही तिथूनच, म्हणून तेही मंद.

बोल्ट खोलल्यावर पट्टीखाली हिरवा थर निघाला, फवारणीच्या औषधाने आणि ओलीने चढलेला. आधी निगेटिव्ह केबल काढलीत, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत केल्यात, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन फासलंत. पहिल्या सेल्फला गाडी चालू. चालू गाडीवर चार्जिंगही तपासलंत, १४ व्होल्ट. नवी बॅटरी खपवली असतीत तरी मी मुकाट्याने घेतली असती, आणि ‘टक्’ तसंच राहिलं असतं.

‘टक्’ही झालं नाही तर आधी क्लचचा स्विच बघ, हे तुम्ही जाताजाता सांगितलंत, तेही ध्यानात आहे. फवारणी त्याच संध्याकाळी उरकली.

पट्टीच्या बऱ्याच तारा तुटल्यात, सवडीने नवी टाकू म्हणाला होतात. आणून ठेवली आहे. इकडे आलात की जेवूनच जा.

आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार