पंचेचाळिशीत तालमीत उतरू पाहणाऱ्या मित्रास

दांडिया बाजार, बडोदे
दि. ९ जून

प्रिय अरू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. सुरतेहून बदली होऊन श्रावणाच्या सुमारास तू पुन्हा बडोद्यास येत आहेस, ही बातमी मी आधी आईला वाचून दाखवली. तिने लगेच तुझ्या आवडीच्या सुरळीच्या वड्यांचा बेत ठरवून टाकला. पत्राचे दुसरे पान मात्र मी एकट्याने आणि दोनदा वाचले. स्टेशनबाहेर त्या दोघांनी तुझी बॅग हिसकावली तेव्हा हातपाय गळून गेले, तोंडातून शब्दही फुटला नाही, आणि तेव्हापासून एखादी युद्धकला शिकावी असे मनाने घेतले आहे, असे तू लिहितोस. कराटे घ्यावे, ज्युदो घ्यावा की आपल्याकडची कुस्ती आणि लाठीच बरी, असा तुझा प्रश्न आहे. मला ज्युदोच्या गादीवर उतरून आता चार वर्षे होतील. त्याआधी मी एक चूक केली होती, ती सांगितल्याशिवाय तुझ्या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी मी एका वर्गात नाव घातले ते केवळ तो घराजवळ होता आणि दारावरच्या फलकावर निरनिराळ्या रंगांचे पट्टे रंगवलेले होते म्हणून. वर्षाची फी आगाऊ भरून घेण्यात आली. पहिल्याच संध्याकाळी, अंग मोकळे होण्याआधी, मला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे करून कमरेच्या वर लाथा मारायला लावले. चौथ्या की पाचव्या लाथेला उजव्या मांडीच्या मागच्या बाजूस काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि पुढचे सात आठवडे मी घराचा जिना कठडा धरून एकेक पायरी उतरत होतो. दुखापत कोणालाही होऊ शकते, हे मी समजू शकतो. पण त्या सात आठवड्यांत तिथून कोणी साधी चौकशीही केली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

बरा झाल्यावर मी आधीच करायला हवे होते ते केले. दोन महिने संध्याकाळी निरनिराळ्या ठिकाणी जाऊन भिंतीशी बसून नुसते पाहिले. तूही तसेच कर, अरू, आणि एकाच ठिकाणी किमान दोनदा जा, कारण पहिल्या दिवशी पाहुणा आला आहे हे शिक्षकाला ठाऊक असते. वर्गातला सर्वांत चपळ मुलगा काय करतो याकडे पाहू नकोस. सर्वांत जड, सर्वांत नवा किंवा सर्वांत घाबरलेला माणूस शोध आणि शिक्षकाची नजर दर दहा मिनिटांत किती वेळा त्याच्याकडे वळते, तेवढे मोज.

असाच एका संध्याकाळी ज्युदोच्या वर्गात बसलो असता पन्नाशीचे एक गृहस्थ नव्याने आले होते. शिक्षकांनी त्यांना कोणाशी भिडवले नाही. त्यांच्या शेजारी स्वतः उकिडवे बसून त्यांनी चाळीस मिनिटे एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे मागे पडणे. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके जमिनीवर आपटत नाही. पाठीची कमान करून पाळण्यासारखे मागे लोळायचे आणि खांदे गादीला टेकतात त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली, अंगापासून थोडे दूर, खांद्यापासून बोटांपर्यंत सपाट आपटायचे. त्या गृहस्थांचा उजवा हात दर वेळी आपोआप मागे टेकायला जाई. शिक्षक तो हलकेच धरून पुढे आणीत आणि सांगत, "टेकलेला हात मनगटात मोडतो, आपटलेला हात मोडत नाही." विसाव्या-पंचविसाव्या वेळी अखेर दोन्ही हात एकदम पडले आणि गादीवर असा स्वच्छ, कोरडा आवाज उठला की पलीकडे झटापट करणारी मुले थांबून पाहू लागली. मी दुसऱ्याच दिवशी तिथे नाव घातले.

ज्युदोचा जनक जिगोरो कानो याने १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध देवळात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत आपली शाळा सुरू केली. आपल्या बडोद्यातले जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० सालचे, म्हणजे तिच्याहून दोन वर्षांनी वडील आहे, हे मला कळले तेव्हा फार आनंद झाला. लहानपणी आपण तिथल्या मल्लखांबाकडे तोंड उघडे टाकून पाहत उभे राहायचो. पण पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली याच ठिकाणी शिकले, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नव्हते. दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोशही याच गावातून निघाला. तेव्हा आपल्याकडची विद्या बरी का, या तुझ्या प्रश्नात जो थोडा संकोच दिसतो त्याला काही कारण नाही.

तरीही कुस्ती तुझ्यासाठी नको असे मी म्हणेन, आणि ते तुझ्या गुडघ्यामुळे. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती रोज उकरतात, म्हणून पडणाऱ्याला ती सांभाळून घेते, हे खरे. पण खरी कुस्ती रोजच्या झोंबीवर उभी असते आणि तिथल्या जोडीदारांचे वय तुझ्या मुलाएवढे असते. लाठीचे तसे नाही. लाठीला जोडीदाराचे वजन झेलावे लागत नाही, खांदे आणि मनगटे मोकळी होतात, पायांची चाल बसते, आणि अंतर ओळखण्याची नजर तिच्याइतकी दुसरे काहीच लवकर देत नाही. वेळ जमला तर आठवड्यातून एक सकाळ तिला दे.

आता तुझ्या डोळ्यांविषयी, कारण माझ्या मते तुझी निवड तिथेच ठरते आहे आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. तुझा चष्मा उणे सातचा आहे. इतका मोठा नंबर असलेल्या डोळ्यात पडदा ताणलेला आणि पातळ असतो आणि डोक्याला किंवा डोळ्याला बसलेल्या मारामुळे तो सुटण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणून कुठेही फी भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घे आणि आपण काय शिकणार आहोत ते त्यांना स्पष्ट सांग. मुष्टियुद्ध किंवा पूर्ण जोराने मारण्याची पद्धत असलेले कराटे यांचा विचार मनातून काढून टाक. ज्युदोतही आपटणे आहेच, तेव्हा डॉक्टर नको म्हणाले तर माझ्या आग्रहाला भीक घालू नकोस. स्पर्धा नसलेले, मुख्यतः काता करून घेणारे कराटे अशा वेळी उत्तम. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींची माळ. तिला कोणी हलके लेखले तर ऐकू नकोस. चांगला शिक्षक एका कात्यावर वर्ष वर्ष घालवतो. तायक्वांदो ही कोरियन युद्धकला २००० सालापासून ऑलिंपिकचा पदकाचा खेळ आहे आणि त्यात डोक्यापर्यंत गेलेल्या व गिरकी घेऊन मारलेल्या लाथांना जास्त गुण मिळतात, त्यामुळे बहुतेक वर्गांचा ओढा उंच लाथांकडे असतो. आपल्या वयाच्या मांड्यांना ते झेपायला फार अवधी लागतो, हे मी अनुभवाने लिहितो आहे.

पट्ट्यांच्या रंगांना भुलू नकोस. ही श्रेणींची पद्धत मुळात कानोने ज्युदोत आणली आणि कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये ती कराटेत घेतली; कलेच्या मानाने ती अगदी अलीकडची आहे. काळ्या पट्ट्याला किती काळ लागतो हे जरूर विचार आणि "वर्षभरात देतो" असे उत्तर आले तर नमस्कार करून बाहेर पड.

स्टेशनवरच्या प्रसंगाबद्दल एक सांगितलेच पाहिजे, नाहीतर मी मित्र कसला? सहा महिन्यांत कोणतीही कला तुला दोन माणसांशी लढायला समर्थ करणार नाही, आणि तसे आश्वासन देणारा शिक्षक खोटे बोलतो. बॅग सोडून द्यावी, मोठ्याने ओरडावे, उजेडाकडे आणि माणसांकडे धावावे, हे तेव्हाही खरे होते आणि काळा पट्टा बांधल्यावरही खरे राहील. मात्र कोणीतरी कॉलर धरली असताना श्वास चालू ठेवण्याची सवय गादीवर नक्की होते. मला पहिल्यांदा कोणी दोन्ही हातांनी धरले तेव्हा मी श्वासच घ्यायचा विसरलो होतो. आता तसे होत नाही. तुझा त्या दिवशी फुटला नाही तो आवाज फुटण्यासाठी एवढे पुरेल, असे मला मनापासून वाटते.

तू येईपर्यंत दोन महिने हाताशी आहेत, ते वाया घालवू नकोस. रोज अर्धा तास भरभर चाल. जोर एकदम मारू नकोस, आधी भिंतीला हात लावून, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. बैठका अर्ध्याच काढ आणि खुर्ची मागे ठेव. गुडघा दुखला तर त्या दिवशी थांब, दुखणे दाबून पुढे जाऊ नकोस. रोज निजण्यापूर्वी पाच मिनिटे उकिडवे बसण्याचा सराव कर, टाचा उचलल्या जात असतील तर खाली घडी केलेला टॉवेल घे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून छातीची पट्टीही (ईसीजी) काढून घे. पडण्याचा सराव मात्र घरच्या फरशीवर, सतरंजी घालूनसुद्धा, अजिबात करू नकोस.

पोशाख लगेच विकत घेऊ नकोस. ज्युदोचा अंगरखा ओढाताण सोसणारा, जाड विणीचा असतो आणि कराटेचा पातळ, तेव्हा एकाचा दुसऱ्याला उपयोग होत नाही. शिवाय सुती असल्याने पहिल्या धुण्यात दोन्ही आटतात, म्हणून एक माप मोठे घ्यावे लागते. पहिला महिना पूर्ण बाह्यांचा साधा सदरा आणि नाडीची पँट चालते. हातापायांची नखे कापलेली हवीत, पाय धुऊनच गादीवर यायचे आणि गादीपासून न्हाणीपर्यंत चपला घालूनच जायचे, कारण नायटा गादीवरून फार लवकर पसरतो.

लहान मुलांत उभे राहण्याची लाज वाटेल, असे तू लिहिले आहेस. मलाही वाटली, आणि ती साधारण तीन आठवडे टिकली. माझ्या वर्गात बारा वर्षांची एक मुलगी आहे. माझा पट्टा सैल सुटला की ती सराव थांबवून तो मला नीट बांधून देते, डावे टोक खाली, उजवे वर, मग दोन्ही थरांखालून ओढून गाठ. तू आलास की ती तुझाही बांधील.

आल्यावर पहिल्या शनिवारी साडेपाचला सुरसागरच्या काठी भेटू. आधी लाठीचा वर्ग पाहू, मग आमच्या गादीशेजारी तासभर बसू. डोळ्यांच्या तपासणीचा कागद सोबत आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईने तुला वेगळे चार शब्द लिहायला सांगितले होते, ते ती प्रत्यक्षच बोलेल.

तुझा,
विनू